प्रश्न वाचकांचे : जवळचे, दूरचे आणि मधले भिंग

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. चाळिशी लागली की जवळचे दिसेनासे होते; मग एकच भिंग जवळचे आणि दूरचे दोन्ही दाखवू शकेल का, असे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. त्यांतील पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवण्याचे काम करतो. वय ४६ आहे. वर्तमानपत्र मला अजून चष्म्याशिवाय वाचता येते, पण मंगळसूत्राची कडी जोडताना एकाच्या दोन कड्या दिसू लागतात आणि संध्याकाळी तर काम हातात धरवत नाही. मोबाइलवर ‘आपोआप फोकस बदलणारा चष्मा’ अशी जाहिरात पाहिली. असा चष्मा खरोखर असतो का, आणि मी तो घ्यावा का?

उत्तर : वर्तमानपत्र दिसते आणि कडी दिसत नाही, यात विसंगती काही नाही. वर्तमानपत्र आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो, तर कडी जोडताना कारागिराची मान झुकते आणि अंतर २५ सेंटिमीटरवर येते. ज्याला आपण ‘नंबर’ म्हणतो तो डायॉप्टर या एककात मोजतात आणि त्याचा हिशेब सोपा आहे : १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचे. म्हणजे ४० सेंटिमीटरवर पाहण्यासाठी डोळ्याला अडीच डायॉप्टरची वाढीव ताकद लावावी लागते आणि २५ सेंटिमीटरवर पाहण्यासाठी चार डायॉप्टरची. ही वाढीव ताकद लावण्याची क्षमता दहा वर्षांच्या मुलात सरासरी १५ डायॉप्टरच्या आसपास असते, आपल्या वयाला ती साडेचार-पावणेपाचवर येते आणि साठीत जवळजवळ संपते. शिवाय जेवढी क्षमता उरलेली आहे तेवढी सगळी दिवसभर वापरता येत नाही. निम्मी राखीव राहिली तरच डोळा न थकता काम करतो. म्हणजे आपल्या हाताशी खऱ्या अर्थाने सव्वादोन-अडीच डायॉप्टर आहेत. वर्तमानपत्राला ते जेमतेम पुरतात, कडीला पुरत नाहीत.

आता ‘आपोआप फोकस बदलणारे भिंग’ याकडे येतो. असे भिंग प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मतःच असते. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर असून तिच्यातला मोठा वाटा समोरच्या पारपटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा असतो; पण पारपटलाला आपला आकार बदलता येत नाही. बाहुलीच्या मागे असलेले नेत्रभिंग मात्र लवचीक असते. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या जशा तुंब्यापासून धावेकडे जातात, तसे या भिंगाच्या काठापासून चहूबाजूंना बारीक तंतू जातात आणि एका गोल स्नायूला जोडलेले असतात. दूर पाहताना स्नायू सैल आणि तंतू ताणलेले असतात, त्यामुळे भिंग चपटे राहते. जवळ पाहताना स्नायू आवळला जातो, त्याचे कडे लहान होते, तंतू सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणामुळे फुगते. हे स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ साली मांडले आणि त्याचा गाभा आजही मान्य आहे. वय वाढते तसे भिंग कडक होत जाते. स्नायू आपले काम करत असतो, पण भिंग फुगायला तयार नसते, आणि यालाच आपण चाळिशी म्हणतो. डोळ्यांचा व्यायाम केल्याने चाळिशी जाते, असे जे सांगितले जाते ते म्हणूनच खरे नाही. व्यायामाने स्नायूला बळ येईलही, परंतु बिघाड स्नायूत नाही.

माणसाने केलेली बदलती भिंगेही आहेत आणि त्यांची कल्पना मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी १९६० च्या दशकात दोन विशिष्ट वक्र चकत्यांचे भिंग योजले. त्या चकत्या एकमेकींवरून बाजूला सरकवल्या की जोडीची ताकद वाढते किंवा कमी होते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जोशुआ सिल्व्हर यांनी दोन पातळ पडद्यांच्या मध्ये सिलिकॉन तेल भरून भिंग केले. चष्म्याच्या काडीला लावलेल्या लहान सिरिंजने तेल आत ढकलले की भिंग फुगते, ओढून घेतले की आत वळते, आणि डॉक्टर जवळ नसतानाही माणूस आपला नंबर स्वतः लावू शकतो. जेथे नेत्रतपासणी पोहोचत नाही अशा गरीब प्रदेशांसाठी त्यांनी हा चष्मा केला होता, आणि या कामाबद्दल मला त्यांच्याविषयी मोठा आदर आहे. मात्र या दोन्ही प्रकारांत बदल हाताने करावा लागतो आणि तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, त्यांत बसत नाही.

आपोआप बदलणारा चष्मा ही त्याच्या पुढची पायरी आहे. त्यासाठी वस्तू किती अंतरावर आहे किंवा दोन्ही डोळे किती आत वळले आहेत हे ओळखणारा सेन्सर लागतो, भिंगाचा आकार किंवा त्याच्यातल्या द्रव स्फटिकांची रचना विजेने बदलावी लागते आणि हे सगळे चालवणारी बॅटरी नाकावर-कानावर पेलावी लागते. २०११ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने द्रव स्फटिकाचा पातळ थर असलेला चष्मा बाजारात आणला. मान खाली गेली की खालच्या भागात वाचनाचा नंबर चालू होत असे. दोन-तीन वर्षांतच ती कंपनी बंद पडली. २०१७ मध्ये युटा विद्यापीठात ग्लिसरीन भरलेल्या भिंगांचा आणि २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डोळ्याची हालचाल टिपून फोकस बदलणारा चष्मा प्रयोगशाळेत तयार झाला. जपानमध्ये असा चष्मा विक्रीलाही आला आहे, परंतु त्याची बदलणारी भिंगे आकाराने लहान असल्यामुळे त्यांतून दिसणारे क्षेत्र मर्यादित असते. म्हणजे जाहिरातीतली कल्पना खोटी नाही, पण दिवसभर तापत्या भट्टीजवळ, घामाने भिजलेल्या कपाळाखाली बारीक सोने जोडणाऱ्या माणसाने तिच्यावर पैसे घालावेत असे मला आज वाटत नाही. मोबाइलवर स्वस्तात दिसणारे ‘ऑटो फोकस’ चष्मे तर बहुतेक साध्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू वाढत जाणाऱ्या, काचांचे असतात. त्यांत बदलत काहीच नाही.

आपल्यासाठी उपाय साधा आहे. आपण ज्या अंतरावर काम करता ते अंतर घरच्या माणसाकडून फुटपट्टीने मोजून घ्या आणि तपासणीला जाताना सांगा. दूरचा नंबर काही नसेल तर आपल्या कामासाठी साधारण पावणेदोन नंबरचा चष्मा लागेल असा माझा अंदाज आहे. नेमका आकडा तपासणीनेच ठरेल. तो कमी उंचीच्या, अर्ध्या फ्रेममध्ये बसवून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाकडे काचेच्या वरून पाहता येईल. संध्याकाळी त्रास वाढतो याचे एक कारण थकवा आहे आणि दुसरे उजेड. अंधुक उजेडात बाहुली मोठी होते आणि फोकसमधली चूक जास्त जाणवते. म्हणून डावीकडून, हातावर सावली पडणार नाही असा एक चांगला दिवा लावावा.

प्रश्न : आमचे आप्पा ६४ वर्षांचे आहेत आणि रावेर तालुक्यात केळी करतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आहे. एका खासगी दवाखान्यात आम्हाला सांगितले की साध्या लेन्सऐवजी महागाची लेन्स टाकली तर ती डोळ्यात आपोआप जवळ-दूर होते आणि चष्मा कायमचा सुटतो. आप्पांना साखर आहे. रात्री वीज येते तेव्हा मोटर चालू करायला त्यांना मोटारसायकलवर मळ्यात जावे लागते. आम्ही कर्ज काढून ही लेन्स घ्यावी का?

उत्तर : ताई, कर्ज काढण्याआधी आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. आपल्याला सांगितलेले वाक्य बरोबर नाही. ज्या लेन्सविषयी बोलणे झाले असावे ती मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्स डोळ्यात आपला फोकस बदलत नाही. तिच्यावर अत्यंत बारीक वर्तुळाकार कडा कोरलेल्या असतात आणि आत येणारा प्रकाश त्या कडा दोन-तीन अंतरांसाठी वाटून देतात. दूरचे, हाताच्या अंतरावरचे आणि वाचनाचे अशी चित्रे एकाच वेळी दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, पडतात आणि त्यांतले हवे ते मेंदू निवडायला शिकतो. बहुतेकांना ते जमते आणि पुष्कळांचा चष्मा खरोखर सुटतो, हेही तितकेच खरे आहे. परंतु प्रकाश वाटला गेल्यामुळे प्रत्येक चित्राच्या वाट्याला तो कमी येतो, संधिप्रकाशात वस्तू किंचित फिकट दिसतात आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्याभोवती कडी दिसतात. शहरात दिवसा दुकानात बसणाऱ्या माणसाला हे फारसे जाणवणार नाही. आप्पा मात्र काळोख्या शेतरस्त्यावर मोटारसायकल चालवणार आहेत आणि समोरून ट्रॅक्टर येणार आहे.

दुसरी गोष्ट साखरेची. मधुमेहाने दृष्टिपटलावर परिणाम झाला असेल किंवा पुढे होण्याची शक्यता असेल, तर आधीच कमी झालेली चित्राची स्पष्टता आणखी वाटून घेणे शहाणपणाचे नसते आणि अशा रुग्णाला मल्टिफोकल लेन्स सहसा सुचवली जात नाही. काचबिंदू असेल तरीही हेच लागू पडते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी झाली आहे का, हे आपण स्पष्ट विचारावे. झाली नसेल तर लेन्सची निवड पुढे ढकलावी, कारण ती तपासणी लेन्सपेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

डोळ्यात बसवायची लेन्स ही मुळातच मोठी गोष्ट आहे, मग ती साधी असो की महाग. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि त्यातले ॲक्रिलिकचे तुकडे डोळ्याने विरोध न करता सहन केले, हे इंग्रज नेत्रतज्ज्ञ हेरॉल्ड रिडली यांनी पाहिले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. त्याआधी मोतीबिंदू काढलेल्या माणसाला आयुष्यभर जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या पुष्कळांच्या नाकावर तो असायचा. पुढे १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवाराने ऑरोलॅब ही संस्था सुरू करून या लेन्स देशातच कमी खर्चात बनवल्या, म्हणून आज त्या सर्वसामान्य रुग्णाच्या आवाक्यात आहेत. डोळ्यात खरोखर पुढे-मागे हलणारी लेन्स करण्याचाही प्रयत्न झाला. तशी एक लेन्स २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, परंतु तिच्या हालचालीतून मिळणारा बदल अपेक्षेपेक्षा कमी निघाला. द्रव भरलेल्या, आकार बदलणाऱ्या लेन्सवर अजून काम चालू आहे.

आप्पांचे वय, साखर आणि रात्रीचा रस्ता लक्षात घेता माझे मत साध्या, एकाच अंतराच्या लेन्सच्या बाजूने आहे. ती दूरच्या अंतरासाठी बसवावी, म्हणजे रस्ता, पाण्याचा पाट आणि केळीचा घड स्पष्ट दिसेल, आणि औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचण्यासाठी खिशात जवळचा चष्मा ठेवावा. फवारणीचे प्रमाण चुकणे परवडणारे नसते, त्यामुळे हा चष्मा घरी एक आणि शेतातल्या झोपडीत एक असे दोन करून घेतलेत तर उत्तम. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर तो भरून काढणाऱ्या टॉरिक लेन्सविषयी जरूर विचारा; तेथे जास्तीचा खर्च बहुधा कारणी लागतो.

प्रश्न : मी शहादा येथे माध्यमिक शाळेत शिकवते. वय ५१. दोन आठवड्यांपूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा केला. फळा नीट दिसतो, पण हजेरीपत्रक वाचायला हनुवटी फार वर करावी लागते, जिना उतरताना पायऱ्या हलतात आणि बाजूला पाहिले की सगळे लाटांसारखे दिसते. माझ्या आधीच्या बायफोकलला असे काही नव्हते. चष्मा चुकला आहे का?

उत्तर : यातले निम्मे सवयीचे आहे आणि निम्मे बहुधा मापाचे. एका फ्रेममध्ये दूरची आणि जवळची अर्धी-अर्धी काच बसवण्याची युक्ती बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ च्या एका पत्रात वर्णन केली आहे आणि आपले बायफोकल त्याच कुळातले आहेत. त्यात दोन स्वच्छ भाग असतात आणि मध्ये उडी असते. मधले अंतर, म्हणजे पहिल्या बाकावरची वही किंवा संगणकाचा पडदा, कोणत्याच भागात नीट सापडत नाही. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतनाझ यांनी केलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेने ही उडी काढून टाकली आणि वरून खाली नंबर हळूहळू वाढत नेला. पण भूमिती काही फुकट देत नाही. मधल्या अरुंद पट्टीत नंबर सलग वाढवायचा असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना विकृती येतेच. काच महाग घेतली तर ती कमी होते, नाहीशी होत नाही. आपल्याला दिसणाऱ्या लाटा म्हणजे तीच विकृती. बाजूला पाहताना केवळ डोळे न फिरवता मान फिरवण्याची सवय लागली की त्या विरून जातात, आणि त्याला दोन ते चार आठवडे लागू शकतात.

हनुवटी फार वर करावी लागणे मात्र सवयीवर सोडू नका. दुकानदाराने फ्रेम आपल्या चेहऱ्यावर बसवून, आपण समोर सरळ पाहत असताना, दोन्ही बाहुल्यांच्या जागा काचेवर खुणेने नोंदवल्या होत्या का, हे आठवून पाहा. ती उंची काही मिलिमीटर चुकली तर वाचनाचा भाग गालावर जाऊन बसतो. फ्रेम फार बुटकी असेल तरी तेच होते. दुकानात परत जाऊन मोजमाप पुन्हा करून घ्या. जिना उतरताना हनुवटी छातीकडे नेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहावी आणि कठडा धरावा. हे बायफोकल वापरणाऱ्यांनाही सांगतो, कारण खालच्या भागातून पायरी अंधुक दिसून पडलेली माणसे माझ्याकडे येत असतात.

प्रश्न : मी भुसावळचा निवृत्त रेल्वे कर्मचारी आहे. वय ५८, दूरचा नंबर उणे अडीच. चष्मा काढला की पोथी लख्ख दिसते. याचा अर्थ मला चाळिशी लागलीच नाही असा आहे का? आणि चाळिशी घालवणारे थेंब निघाले आहेत असे ऐकले, ते घ्यावेत का?

उत्तर : चाळिशी आपल्यालाही लागली आहे, फक्त आपल्या उणे अडीच नंबरने ती झाकली आहे. वरचाच हिशेब लावला तर चष्म्याशिवाय आपला डोळा ४० सेंटिमीटरवर स्थिरावलेला आहे आणि पोथी नेमकी तेथेच असते. ही सोय आनंदाने वापरा. थेंबांविषयी सांगायचे तर ते बाहुली बारीक करतात, आणि बारीक छिद्रातून पाहिले की जास्त अंतरांवरचे स्पष्ट दिसते. परिणाम काही तासच टिकतो आणि रात्री अंधारल्यासारखे वाटते. अमेरिकेत असे औषध २०२१ मध्ये मंजूर झाले. भारतात २०२४ मध्ये एका औषधाला मिळालेली परवानगी प्रचारातील दाव्यांवरून त्याच वर्षी स्थगित झाली. उणे नंबरच्या डोळ्यांत दृष्टिपटल सुटण्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि या थेंबांबाबतही तशी सूचना दिलेली आहे, त्यामुळे आपण त्यांच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : शिरपूर तालुक्यातील आमच्या बचत गटात अठरा बायका गोधड्या शिवतात. चाळिशीच्या पुढच्या बायकांना सुई ओवता येत नाही. लेकीसुनांना हाक मारावी लागते. आठवडे बाजारात तयार चष्मे मिळतात. दोघी-तिघी मिळून एकच चष्मा वापरतात. डोळे बिघडतील का?

उत्तर : तयार चष्म्याने डोळे बिघडत नाहीत. ‘माले दूरनं दखास, जोडेनं दखात नही’ (मला दूरचे दिसते, जवळचे दिसत नाही) असे सांगत येणाऱ्या बाईला बहुधा एवढीच गरज असते, आणि ती पूर्ण न झाल्यामुळे तिचे शिवण सुटते, निवडणे-टिपणे सुटते, हळूहळू तिला स्वतःलाच आपण निकामी झालो असे वाटू लागते, याचे मला फार वाईट वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात ८२ कोटींहून अधिक माणसे केवळ चाळिशीच्या चष्म्यावाचून अडलेली आहेत. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली होती. पानतोडणीत एवढा फरक पडतो, तर सुईच्या कामात किती पडेल, हे आपण जाणताच.

तयार चष्मा ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचा दूरचा नंबर शून्याच्या जवळ आणि सारखा आहे त्यांना चालतो. घेताना दुकानातला कागद वाचू नये. सुई-दोरा बरोबर न्यावा, बसून रोजच्या अंतरावर धरावा आणि कमी नंबरापासून सुरुवात करून ज्या पहिल्या चष्म्याने सुईचे नेढे स्वच्छ दिसेल तो घ्यावा. त्याहून जास्त नंबराचा घेतला तर काम नाकाजवळ आणावे लागते आणि मान दुखते. पंचेचाळिशीच्या बाईला एक ते दीड आणि साठीच्या बाईला अडीचच्या आसपास नंबर लागतो, म्हणून सासू आणि सुनेला एकच चष्मा सहसा जुळत नाही. प्रत्येकीचा वेगळा असावा. एका डोळ्यावर हात ठेवून पाहिले असता दुसऱ्याने कमी दिसत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, डोळा दुखत असेल, किंवा साखर असेल, तर मात्र बाजारातला चष्मा न घेता धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात डोळे दाखवावेत. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही आणि नजर कडेने खात येतो, म्हणून चाळिशीनंतर एकदा तरी डोळ्याचा दाब मोजून घेणे प्रत्येकीला आवश्यक आहे. गटातल्या अठराही जणींनी एकाच दिवशी मिळून जायचे ठरवले तर आधी रुग्णालयात वार विचारून घ्या आणि येताना प्रत्येकीने आपली सुई बरोबर आणा.